कार्ड हातात पडेपर्यंत : विशेष मुलं आणि प्रौढांसाठी काम करणाऱ्या तालुक्याच्या क्लबने कामाचा क्रम कसा लावावा

मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादा सेवा क्लब असतो. डॉक्टर, मोंढ्यातले व्यापारी, शिक्षक, वकील अशी माणसं त्यात मनापासून पैसा आणि वेळ देतात. विशेष मुलांसाठी काही करायचं ठरलं की सगळ्यात आधी शिबिराची तारीख ठरते. मंगल कार्यालय बुक होतं, पाहुणे ठरतात, व्हीलचेअरची ऑर्डर जाते. शिबिर पार पडतं. सहा महिन्यांनी त्याच घरांत जाऊन पाहावं, तर अनेकांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि कार्ड आलेलं नसतं, निराधारचा पगार (संजय गांधी निराधार योजनेचं दरमहा अर्थसाहाय्य) सुरू झालेला नसतो आणि व्हीलचेअर गोठ्याच्या कोपऱ्यात उभी असते. क्रम चुकतो म्हणून हे होतं. शिबिर हा मधला टप्पा आहे, आणि आपण सुरुवातच तिथून करतो.

इथे दिलेला क्रम मुख्यतः बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) आणि बहुविकलांगत्व (एकाहून अधिक प्रकारचं दिव्यांगत्व) असलेल्या मुला-माणसांसाठी आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण शिबिराच्या रांगेत सगळ्यात मागे राहतात ती हीच घरं. पायाचं अपंगत्व डॉक्टरांना लगेच दिसतं. यांचं मोजायला वेळ लागतो, वेगळे तज्ज्ञ लागतात, आणि ज्याची तपासणी आहे त्याला स्वतःची अडचण बहुधा सांगता येत नाही.

१. आधी यादी, मग तारीख

यादी घरोघर जाऊन करावी लागते. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून आणि बॅनर लावून जी घरं येतात, ती बहुतेक आधीच माहीतगार असतात. आशाताई, अंगणवाडीताई आणि गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक, या तिघांना सोबत घ्या. कोणत्या घरात कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं. शाळेच्या पटावर नसलेली मुलं आणि पंचवीस-तीस वर्षांची, घराबाहेर न पडणारी माणसं त्यांच्याकडूनच कळतात. प्रौढ हमखास सुटतात, म्हणून प्रत्येक गावात वेगळं विचारा: मोठ्या वयाचं कोणी आहे का?

दारात उभं राहून “तुमच्याकडे मतिमंद कोणी आहे का” असं विचारू नका. घरात लग्नाची मुलगी असेल तर उत्तर “नाही” असंच येईल. साधे प्रश्न विचारा. लेकरू किती वर्षांचं झाल्यावर चालायला लागलं? हाक मारली की बघतं का? जेवण, आंघोळ, कपडे स्वतःचं स्वतः होतं का? फिट येते का?

वेळेचा विचार इथेच करा. बीड, परभणी, जालना या भागांतली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. जूनमध्ये पेरणी असते आणि सप्टेंबरअखेरपासून सोयाबीनची काढणी. एप्रिल-मेच्या उन्हात फिट येणाऱ्या लेकराला जीपमध्ये कोंबून नेणं धोक्याचं आहे. त्यामुळे यादी आषाढात आणि तपासणी श्रावण-भाद्रपदात, पोळा आणि गौरी-गणपतीचे दिवस टाळून, हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा काळ.

सावधान: यादीत आजाराची, आधारची, फोनची माहिती असते. ती क्लबच्या ग्रुपवर टाकू नका. दोनच जणांकडे ठेवा.

२. तारीख ठरवण्याआधी जिल्हा रुग्णालयात जा

जिल्हा शल्य चिकित्सकांना क्लबच्या लेटरहेडवर पत्र द्या, आणि पत्र देऊन परत येऊ नका. दिव्यांग मंडळाचे (दिव्यांगत्व तपासून टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे) वार कोणते, मानसशास्त्रज्ञ कोणत्या दिवशी असतात, एका दिवसात ते किती जणांची चाचणी घेऊ शकतात, हे तिथेच विचारा. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाण ठरवायला बुद्ध्यांकाची आणि दैनंदिन कौशल्यांची चाचणी लागते, आणि ती पाच मिनिटांत होत नाही. अस्थिरोग तज्ज्ञ सकाळभरात जेवढी माणसं पाहतील, तेवढी मानसशास्त्रज्ञाला पाहता येणार नाहीत.

सगळी गणितं इथेच चुकतात. शिबिराला अस्थिरोग तज्ज्ञ येतात, नेत्रतज्ज्ञ येतात, पण मानसशास्त्रज्ञ नसतात. मग विशेष मुलांच्या पालकांना “तुम्ही नंतर जिल्ह्याला जा” असं सांगितलं जातं. दिवसभराची मजुरी बुडवून आलेली आई तेवढंच ऐकून घरी जाते आणि पुन्हा कधी येत नाही. लहान मुलांच्या कानांसाठी बेरा चाचणी लागते. तिची सोय तालुक्याला बहुधा नसते, त्यासाठी जिल्ह्याला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला जावं लागतं. आपल्याकडे अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कोणती चाचणी कुठे होते ते आधी विचारून लिहून ठेवा.

माझं स्पष्ट मत आहे की विशेष मुलांसाठी एका दिवसाचं मोठं शिबिर घेऊच नये. मंडळाच्या वाराला दहा-बारा कुटुंबांची एक गाडी, असं सलग काही आठवडे करावं. त्यात फोटो चांगले येत नाहीत, काम होतं.

तपासा: रुग्णालयाने दिलेली रोजची संख्या आणि आपली यादी यांचा मेळ बसला का? नसेल तर वार वाढवा. एका दिवसात जास्त माणसं कोंबू नका.

३. कागद

सगळ्यात जास्त अर्ज कागदांवर अडतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नका. तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी क्लबच्या जागेत कागद तपासणी ठेवा. त्या दिवशी खेड्यांतून जीपा येतात आणि झेरॉक्सची दुकानं उघडी असतात.

लागणारे कागद मोजकेच: आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा पासपोर्ट फोटो, उपचाराचे जुने कागद, आणि आधीचं अपंग प्रमाणपत्र असेल तर तेही. प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. घरात बाळू, शाळेत बालाजी, रेशनकार्डावर बाळासाहेब, असा प्रकार सर्रास असतो. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. मुलीचं लग्न होऊन ती परत आलेली असेल तर वडिलांचं नाव एका कागदावर आणि नवऱ्याचं दुसऱ्यावर. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचं. उलट केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

जिल्ह्याच्या नावाबद्दल पालक घाबरतात. जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असेल, तर ती व्यक्तीच्या नावातल्या चुकीसारखी चूक नव्हे. त्यासाठी कोणालाही आधार केंद्राच्या रांगेत उभं करू नका.

आधारमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. मुलांचे ठसे पाच आणि पंधरा वर्षांच्या वयात पुन्हा द्यावे लागतात आणि विशेष मुलांच्या बाबतीत ते हमखास राहून जातात. सेरेब्रल पाल्सीमुळे बोटं उघडत नसतील किंवा मूल डोळे स्थिर ठेवत नसेल, तर अपवाद म्हणून नोंदणी करण्याची सोय आधारमध्ये आहे. केंद्रचालकाने “ठसे येत नाहीत, होणार नाही” म्हणून परत पाठवलं तर क्लबच्या माणसाने सोबत जाऊन ही सोय वापरायला सांगावी. दुसरी गोष्ट मोबाईलची. ओटीपी त्याच नंबरवर येतो. आधारला जोडलेला नंबर ऊसतोडीला गेलेल्या काकाचा असेल तर अर्ज तिथेच थांबला.

सावधान: मूळ कागद क्लबकडे ठेवून घेऊ नका. तपासा, झेरॉक्स घ्या, त्याच वेळी परत द्या.

४. ऑनलाइन अर्ज

वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. तो भरायला शुल्क नाही. सेतू किंवा सेवा केंद्रवाला पैसे घेत असेल तर ते त्याच्या टायपिंगचे, आणि तो खर्च क्लबने उचलावा किंवा क्लबच्या दोन तरुणांनी लॅपटॉप घेऊन स्वतः बसावं.

दोन रकाने जपून भरा. पहिला दिव्यांगत्वाचा प्रकार. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराचा अर्ज भरताना “चालता येत नाही” एवढं ऐकून अस्थिव्यंग हा पर्याय निवडला जातो. कायद्याच्या यादीत सेरेब्रल पाल्सी वेगळी आहे, आणि पुढच्या अनेक योजना याच शब्दावर अवलंबून आहेत. लेकराला ऐकूही कमी येत असेल, समजही कमी असेल, तर तेही अर्जात आलं पाहिजे, नाहीतर मंडळ एकच गोष्ट तपासेल. दुसरा रकाना रुग्णालयाचा. मामाच्या गावाहून जवळ पडतं म्हणून शेजारच्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडू नका. आधारवरचा पत्ता ज्या जिल्ह्यातला, तिथलंच निवडा.

जुनं हस्तलिखित प्रमाणपत्र किंवा एसएडीएम या राज्याच्या जुन्या संगणक प्रणालीतलं प्रमाणपत्र असेल तर ते अर्जासोबत अपलोड करा. ते आहे हे लपवून नवीनच म्हणून भरलेला अर्ज नंतर दुबार ठरून अडकतो.

तपासा: अर्ज क्रमांक मिळाला का? तो पालकांच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा आणि तुमच्या वहीतही.

५. तपासणीच्या आठवडाभर आधी घरी एक फेरी

ही फेरी जवळजवळ कोणीच मारत नाही, आणि निकाल बऱ्याचदा तिच्यावरच ठरतो.

दैनंदिन कौशल्यांची चाचणी म्हणजे मानसशास्त्रज्ञ घरच्या माणसाला प्रश्न विचारतात: हा स्वतः जेवतो का, संडासला जायचं सांगतो का, पैसे ओळखतो का, रस्ता ओलांडतो का. म्हणून सोबत तेच माणूस जायला हवं जे रोज त्याचं करतं. बहुतेक घरांत ती आई असते, कधी आजी, कधी मोठी बहीण. रुग्णालयाची कामं पुरुषांची असं धरून काका किंवा चुलतभाऊ घेऊन जातो आणि प्रत्येक प्रश्नाला “हो, करतो की” म्हणतो. टक्केवारी तिथेच घसरते.

आईलाही तयार करावं लागतं. डॉक्टरांसमोर लेकराची बाजू राखायची म्हणून तीही सांगते, “सगळं येतं त्याला.” तिला समजावून सांगा: मावशी, जे तो एकट्याने करतो ते सांगा, आणि ज्याला तुमचा हात लागतो तेही सांगा. खरं तेच सांगायचं, वाढवून नाही आणि झाकूनही नाही. टक्के वाढवण्यासाठी लेकराला गप्प बसायला शिकवणारे लोक गावोगाव आहेत. त्यांना क्लबच्या कामात शिरू देऊ नका. एका खोट्या प्रकरणामुळे मंडळ पुढच्या प्रत्येक खऱ्या माणसाकडे संशयाने बघतं.

फिटच्या गोळ्या सुरू असतील तर तपासणीच्या दिवशीही त्या वेळेवर द्यायच्या, हे घरी जाऊन सांगा. “डॉक्टर तपासणार आहेत म्हणून आज गोळी दिली नाही,” असं करणारी घरं आहेत आणि त्यातून प्रवासात फिट येते.

६. तपासणीचा दिवस

गाडी लवकर निघू द्या, पण उपाशी नाही. सोबत भाकरी, पाणी, जादा कपडे, प्लास्टिकची चादर. प्रत्येक मुलाच्या मनगटावर किंवा खिशात पालकाचा फोन नंबर. बोलता न येणारं मूल रुग्णालयाच्या गर्दीत सुटलं तर त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही.

स्वमग्न मुलांना गोंगाट आणि वाट पाहणं सोसत नाही. त्यांचे नंबर शक्यतो आधी लावून घ्या आणि तोवर त्यांना गाडीत किंवा झाडाखाली शांत जागी ठेवा. क्लबचा एक माणूस ओपीडीच्या दारात, एक कुटुंबांजवळ, आणि दोघांमध्ये फोन चालू, एवढी व्यवस्था पुरते. भाषण, सत्कार, नारळ या दिवशी नकोत.

महिला स्वयंसेविका असल्याशिवाय गाडी काढू नका. मोठ्या मुलींना स्वच्छतागृहात न्यावं लागतं. आणि एक नियम सगळ्या वर्षासाठी: क्लबचा कोणताही माणूस, कितीही प्रतिष्ठित असो, कोणत्याही मुलासोबत किंवा प्रौढासोबत एकटा राहणार नाही. दोघं तरी हवेतच. फोटो काढायचा असेल तर पालकांची परवानगी घ्या, आणि नको म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

तपासा: निघण्याआधी प्रत्येक कुटुंबाला विचारा: सगळ्या चाचण्या झाल्या की पुन्हा बोलावलंय? तारीख लिहून घ्या.

७. प्रमाणपत्र आलं की ते वाचा

प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घेता येतं, कार्ड टपालाने येतं. ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरं, ४० ते ८० टक्क्यांमध्ये पिवळं आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

प्रमाणपत्र आलं म्हणून पेढे वाटण्याआधी चार गोष्टी वाचा: नावाचं स्पेलिंग, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, आणि ते कायमचं आहे की तात्पुरतं. लहान मुलांची प्रमाणपत्रं बहुधा ठरावीक मुदतीची असतात. मुदत संपल्यावर कोणी कळवत नाही, थेट पगार बंद झाल्यावर समजतं. टक्केवारी पटली नाही तर अपिलाची सोय कायद्यातच आहे. त्यासाठी उपचाराचे कागद लागतात. अपील मुदतीतच करावं लागतं, म्हणून ते लगेच हाती घ्या.

८. लाभ कोणत्या क्रमाने

शाळेच्या वयाचं मूल असेल तर पहिलं काम शाळा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत जाताच येत नसेल तर गटसाधन केंद्रात गृहाधारित शिक्षणासाठी नाव द्या.

मग बँक खातं आणि त्याला आधार सीडिंग, म्हणजे आधार जोडून घेणं. ते झाल्यावरच तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. तिथे कार्डाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मार्च उजाडण्याची वाट पाहू नका. एसटीची सवलत याच कार्डावर मिळते.

निरामय ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चौघांसाठीच आहे. कवच एक लाख रुपयांपर्यंतचं. नोंदणी न्यासाकडे नोंदणीकृत संस्थेमार्फत होते, म्हणून अशी संस्था आधी शोधून ठेवा. विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. खर्च आधी घरच्यांना करावा लागतो, नंतर परत मिळतो. त्यामुळे औषधांची आणि थेरपीची मूळ बिलं जपून ठेवायला पहिल्या दिवसापासून सांगा. कच्च्या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत.

साहित्य शेवटी, आणि मापानेच. सेरेब्रल पाल्सीच्या लेकराला मोठ्या माणसाची व्हीलचेअर दिली तर त्याची पाठ वाकते, मान एका बाजूला पडते. फिजिओथेरपिस्टने माप घेतल्याशिवाय क्लबच्या पैशातून एकही खुर्ची विकत घेऊ नका. केंद्राच्या एडिप योजनेतून साहित्य मोफत किंवा सवलतीत मिळतं, तर आधी तिथे अर्ज करा आणि क्लबचा पैसा गाडीभाडं, चाचण्या, औषधं यांवर खर्च करा.

९. अठरा पूर्ण होताना

घरोघरी असा समज असतो की आई-वडील आहेत म्हणजे पालकत्व आहेच. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्यासमोर तो मुलगा सज्ञान असतो, आणि आई-वडिलांनाही त्याच्या वतीने बँकेत किंवा जमिनीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार आपोआप राहत नाही. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर नाव लावताना हे उघडं पडतं, आणि तेव्हा भावकीत आधीच ताण असतो.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. हाही कायदा वरच्या चार प्रकारांनाच लागू आहे. फक्त मानसिक आजार असेल तर या समितीकडे जाऊन उपयोग नाही. अर्जात पालकत्व कशासाठी हवं ते स्पष्ट लिहा: बँक, उपचार, मालमत्ता. आई-वडील थकलेले असतील तर बहीण-भावाशी आत्ताच बोला. हे बोलणं अवघड जातं, म्हणून क्लबमधलं असं कोणी पाठवा ज्याच्या शब्दाला त्या घरात मान आहे, आणि बैठकीत त्या मुलाला किंवा मुलीलाही बसवा. कोणासोबत राहायला आवडेल हे त्यांतल्या अनेकांना नीट सांगता येतं.

सावधान: पालक म्हणून नेमलेल्या व्यक्तीने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. प्रमाणपत्र हातात देताना हे सांगितलं नाही तर प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो.

१०. वही, आणि ३० जून

प्रत्येक व्यक्तीसाठी वहीत एक पान. अर्ज क्रमांक, राहिलेल्या चाचण्या, प्रमाणपत्राची मुदत, अठरा पूर्ण होण्याची तारीख, निरामयचं नूतनीकरण, फोन नंबर. महिन्यातून एकदा दोघांनी बसून त्या महिन्यात येणाऱ्या तारखांना फोन करायचे. फोन दुपारी लागत नाही, बाया शेतात असतात. संध्याकाळी सातनंतर करा.

बहुतेक सेवा क्लबांत १ जुलैला अध्यक्ष बदलतो आणि नव्या अध्यक्षाचा नवा प्रकल्प सुरू होतो. आपल्या कामाचा हंगाम मात्र तेव्हाच सुरू होत असतो. म्हणून हे काम अध्यक्षाकडे न ठेवता किमान तीन वर्षांसाठी एका समितीकडे द्या. जूनमध्ये सूत्रं देताना नव्या अध्यक्षाला वहीतली अर्धवट पानं दाखवा आणि त्या प्रत्येक घरी त्यांच्याच आवाजात एक फोन जाऊ द्या: तुमचा अर्ज इथपर्यंत आलाय, पुढचा वार हा, गाडी इतक्या वाजता येईल.